इंग्रजांना पाणी पाजणारा आड

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत फिरत आला. सोनेरी हत्तीचा आणि घुमटाचा फोटो, आणि खाली मजकूर: बनारसच्या राजाने इंग्लंडमधल्या एका तहानलेल्या खेड्याला स्वखर्चाने विहीर बांधून दिली. शेवटी ठळक अक्षरांत, ‘बघा, आपण इंग्रजांना असं पाणी पाजलं!’ त्यावर पंधरा अंगठे, आठ झेंडे आणि एक ‘जय हो’. भाच्याने तर थेट मलाच विचारलं, “आत्या, तू ती विहीर बघितली आहेस ना? मग तू कशी काही बोलली नाहीस?”

बघितली आहे खरी. बोलले नाही, कारण बोलायचं होतं ते अंगठ्याएवढं नव्हतं. म्हणून इथे लिहिते आहे. ज्यांना मोठं वाचायचा कंटाळा आहे त्यांनी फोटोवर समाधान मानावं, माझा राग नाही.

तर त्या गावाचं नाव स्टोक रो. ऑक्सफर्डशायरच्या दक्षिण टोकाला, चिल्टर्न्स नावाच्या टेकड्यांवर वसलेलं छोटंसं खेडं. माझी लेक रेडिंगला राहते, तिथून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. टेम्स नदी ओलांडली की रस्ता चढायला लागतो आणि दोन्ही बाजूंना बीचच्या झाडांची राई सुरू होते. उंच, सरळ, गुळगुळीत खोडांची झाडं. पूर्वी या रानात लाकूडकाम करणारी माणसं तिथेच खोपटं घालून बसत आणि पायाने चालवायच्या साध्या चरकावर खुर्च्यांचे पाय कातत. पाय इथे व्हायचे आणि खुर्च्या हाय विकमला जोडल्या जायच्या. गावात १८४० च्या दशकातलं, चकमकीच्या दगडात बांधलेलं एक देऊळ (म्हणजे चर्च हो, पण मला देऊळच म्हणायची सवय), दोन जुन्या खानावळी, एक हिरवळ. त्यातल्या क्रुकेड बिलेट नावाच्या खानावळीत ‘टायटॅनिक’वाल्या केट विन्स्लेटच्या पहिल्या लग्नाची मेजवानी १९९८ मध्ये झाली होती. लेकीने ही माहिती मला जितक्या उत्साहाने दिली, तितक्या उत्साहाने विहिरीची दिली नाही. असो, ज्याची त्याची तीर्थक्षेत्रं.

गाव हिरवंगार, पाऊस बारा महिने, आणि तरी पाण्याचं दुर्भिक्ष! मला आधी हे खरंच वाटेना. आम्ही माण तालुक्यातली माणसं. आमच्याकडे दुष्काळ दिसतो, डोळ्यांत जातो, दातांखाली करकरतो. इथे पायाखालचं गवत ओलं आणि म्हणे पाणी नाही. मग कळलं की या टेकड्या खडूच्या आहेत. अगदी खडूच्याच, पांढऱ्या मऊ दगडाच्या. त्यात पाऊस जिरतो तो थांबतच नाही, थेट खाली खोल जातो. दरीतल्या गावांना झरे मिळतात आणि डोक्यावरची गावं कोरडी. वरच्या थरात जिथे चिकणमाती आहे तिथे डबकी साचायची, छपरावरचं पावसाचं पाणी धरून ठेवायचं, आणि उन्हाळा लांबला की तेही संपायचं. १८६० पर्यंत स्टोक रोची गत ही अशी होती. छत्तीस वर्षं खडूने फळ्यावर लिहिलं, पण खडू पाणी पितो हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

आता ती गोष्ट. जवळच्याच इप्सडेन गावच्या रीड घराण्यातला एडवर्ड अँडरडन रीड कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. (कादंबरीकार चार्ल्स रीड हा त्याचा भाऊ.) बरीच वर्षं तो उत्तरेत होता. १८३१ मध्ये आझमगढला त्याने लोकांसाठी एक विहीर खणवली होती. १८५७ च्या सप्टेंबरात आग्र्याला लेफ्टनंट गव्हर्नर कोल्विन वारल्यावर काही काळ त्या प्रांताचा कारभारही त्याच्याकडे आला. बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याची चांगली ओळख होती. बोलता बोलता त्याने महाराजांना आपल्या मुलखातली एक आठवण सांगितली. टेकडीवरच्या गावात पाण्याची टंचाई असताना एका लहान पोराने घरातलं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलं, म्हणून त्याच्या आईने त्याला बदडून काढलं होतं.

बस, एवढीच गोष्ट. महाराज राहायचे रामनगरच्या किल्ल्यात, खिडकीखाली गंगा. साता समुद्रापलीकडच्या त्या पोराचा मार त्यांच्या मनात राहिला. रीड १८६० मध्ये परत जायला निघाला तेव्हा त्याने महाराजांना आझमगढची विहीर लोकांना कायम खुली राहील एवढं बघा, अशी विनंती केली. आणि महाराजांनी उलट रीडच्या मुलखात विहीर द्यायचं ठरवलं. ते पोर आणि ती आई कोण, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर ती बाई पटकन उभी राहते. मारताना तिच्याही डोळ्यांत पाणी असणार, आणि तेवढंच पाणी त्या घरात शिल्लक असणार.

१८६३ च्या मार्चमध्ये खोदाई सुरू झाली आणि १८६४ च्या मे महिन्यात विहीर खुली झाली. खोली ३६८ फूट, रुंदी अवघी चार फूट. आपल्याकडे याला विहीर म्हणत नाहीत, आड म्हणतात. कुतुबमिनार २३८ फुटांचा. म्हणजे कुतुबमिनार उलटा करून जमिनीत घातला तरी वर आणखी अर्ध्याहून जास्त कुतुबमिनार मावेल. आणि हे सगळं हाताने! चार फुटांच्या त्या भोकात एक माणूस खाली बसून टिकाव चालवणार, माती बादलीत भरणार, वरचे लोक ती ओढणार, आणि वर आकाश किती दिसत असेल तर दिवसा चंद्र दिसतो तेवढं. हे चौदा महिने. खोदाईचा खर्च ३५३ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स आला. सात पेन्सपर्यंतचा हिशेब लिहून ठेवलेला आहे. खोदणाऱ्यांच्या मजुरीचा जोर कुठल्या हिशेबात लिहायचा?

वर लोखंडी खांबांवर उभा केलेला पूर्वेकडच्या धाटणीचा घुमट, जमिनीपासून २३ फूट उंच. त्याच्याखाली रहाटाची यंत्रणा, जवळच्या वॉलिंगफर्ड गावच्या कारखान्यात केलेली, आणि तिच्यावर तो फोटोतला सोनेरी हत्ती. खेड्यातल्या साध्या रस्त्याच्या कडेला, बटाटेवडा विकायच्या टपरीएवढ्या जागेत हे प्रकरण उभं आहे. पहिल्यांदा बघताना हसू येतं. एखाद्या शांत इंग्रज घराच्या अंगणात आपल्याकडचा लग्नाचा बँड चुकून शिरावा तसं. मग कठड्याशी जाऊन खाली डोकावलं, आणि हसू गेलं. अंधार. नुसता अंधार. आमच्या गावच्या आडात डोकावलं की आपलं तोंड तरी दिसायचं.

आता मुद्द्याचं.

आमचे जावई त्या दिवशी बरोबर होते. ते वाचणारे, विचार करणारे गृहस्थ आहेत. घरी येताना गाडीत म्हणाले, “आई, ही शुद्ध खुशामत आहे. तारखा बघा.” आणि तारखा बघितल्या तर त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. खोदाई सुरू केली ती युवराजाच्या लग्नाच्या दिवशी, १० मार्च १८६३ ला. विहीर खुली केली ती राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, २४ मेला. १८५७ ला हे महाराज इंग्रजांच्या बाजूने उभे होते. बरं, महाराज म्हटलं तरी राज्य होतं कुठे? बनारस शहर कधीच इंग्रजांकडे गेलेलं. संस्थानाचा दर्जा बनारसला पुढे १९११ मध्ये मिळाला, तेव्हा ईश्वरीप्रसाद जाऊन बावीस वर्षं झाली होती. विहिरीनंतरही प्रत्येक राजप्रसंगाला स्टोक रोला काही ना काही पोचत राहिलं. १८७१ मध्ये राजकन्या लुईझच्या लग्नानिमित्त गावात पायवाट करून दिली. १८८२ मध्ये राणीवर गोळी झाडली गेली आणि ती वाचली, तर गावकऱ्यांना पाव, चहा, साखर वाटली आणि जेवण घातलं. म्हणजे स्टोक रोच्या लोकांनी चहा प्यावा म्हणून राणीवर कुणीतरी गोळी झाडायला हवी!

असे दाते तेव्हा बरेच होते. शेजारच्या इप्सडेनलाच १८६५ मध्ये आणखी एका हिंदी राजाने विहीर दिली. आपल्या मुंबईच्या सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी लंडनच्या रीजंट्स पार्कात पाणपोई बांधली, तिचं साल १८६९. इंग्रजी राज्यात पारशांना मिळालेल्या संरक्षणाबद्दल आभार, असं तिच्यावर कोरलेलं आहे. विजयनगरमच्या महाराजांनी हाइड पार्कात पाणपोई दिली १८६७ मध्ये. (हे आंध्रातलं विजयनगरम, आपल्या पुस्तकातलं हंपीचं विजयनगर नव्हे.) लंडनलाही तेव्हा स्वच्छ पाण्याची गरज होती, हे खरं. १८५४ च्या कॉलऱ्यात ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाने किती घरं उद्ध्वस्त केली ते डॉक्टर जॉन स्नो यांनी दाखवून दिलं होतं, आणि १८५९ पासून लंडनमध्ये फुकट पाणपोया उभारणारी संस्थाच निघाली होती. आपले राजे-शेठ त्या लाटेत सामील झाले. धर्म झाला, साहेबही खूश.

तेव्हा व्हॉट्सॲपवाल्यांनो, आपण इंग्रजांना पाणी ‘पाजलं’ वगैरे काही नाही. पाणी पाजणं या शब्दाचा मराठीत जो अर्थ आहे, त्याच्या बरोबर उलट हे प्रकरण होतं. हरलेल्याने जिंकलेल्याला दिलेलं ते पाणी.

आणि त्यात अभिमान धरायचाच तर कुणाचा? ३५३ पौंड महाराजांनी खिशातून काढले, पण खिसा भरला कुणी? बनारसच्या मुलखातल्या रयतेने. १८६०-६१ मध्ये गंगा-यमुनेच्या दुआबात मोठा दुष्काळ पडला होता. त्या दोन-तीन वर्षांच्या आतच तिथून फार लांब नसलेल्या मुलखातला शेतसारा टेम्सच्या टेकडीवर आड खणायला गेला. मी हा हिशेब वर्गात मांडला असता तर मागच्या बाकावरून एखाद्या पोराने विचारलं असतं, “बाई, मग खरे दाते कोण?” माझ्याकडे उत्तर असतं, पण ते घुमटावर कोरलेलं नाही. तिथे महाराजांचं नाव आहे.

एवढं सगळं मान्य करूनही मी जावयांच्या बाजूला पूर्ण जात नाही. त्यांना मी तसं सांगितलं. खुशामतच करायची तर ती लंडनला करावी, राणीच्या डोळ्यांसमोर. टेकडीवरच्या गाडीवान-सुतारांच्या गावात कोण बघायला येतं? महाराज स्वतःसुद्धा ती विहीर बघायला कधी गेले नाहीत. तारीख राणीच्या वाढदिवसाची असेल, पण पाणी राणीने प्यायलं नाही. माणसाच्या मनात एका वेळी दोन हेतू असतात, तीनही असतात. आम्ही शिक्षकांनी शाळेच्या वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी वर्ग झाडले ते साहेबासाठीच, पण स्वच्छ वर्गात बसली ती पोरंच ना? त्या पोराच्या माराची गोष्ट महाराजांना टोचली नसती तर आझमगढ सोडून स्टोक रो त्यांना आठवलंच नसतं.

आणि मला त्या विहिरीत जे खरंच आवडलं, त्याच्याविषयी मेसेजमध्ये एक अक्षर नाही. हत्तीचा फोटो आहे, बागेचा नाही.

विहिरीच्या बरोबरच चार एकर जमीन घेण्यात आली आणि तिथे चेरीची झाडं लावली. महाराजांच्या नावावरून ‘ईश्री बाग’. त्या चेऱ्या विकून येईल त्या पैशातून विहिरीची देखभाल करायची, ही योजना! खोदलेल्या मातीचा तिथेच एक उंचवटा केला, माशाच्या आकाराचं एक तळं केलं, कारण मासा हे महाराजांच्या राजचिन्हात होता. आणि विहिरीला लागून राखणदारासाठी एक अष्टकोनी टुमदार घर बांधलं, खर्च ७४ पौंड १४ शिलिंग ६ पेन्स. म्हणजे आड खणायला जे लागले त्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पैसे नुसते राखणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर घालायला ठेवले. दोर कुजणार, बादली गळणार, रहाटाला तेल लागणार, पोरं आत दगड टाकणार, हे सगळं देतानाच धरून चाललेलं होतं. ती झाडं लावणाऱ्याची अक्कल मला त्या सोनेरी हत्तीपेक्षा मोठी वाटते.

त्या व्यवस्थेवर विहीर जवळजवळ सत्तर वर्षं चालली. मग नळ आले. तरी गावाने ती टाकून दिली नाही. १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ बनारसला आल्या तेव्हा तिथल्या महाराजांनी त्यांना या विहिरीची छोटी प्रतिकृती भेट दिली होती. १९६४ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा गावाने समारंभ केला, प्रिन्स फिलिप आले, आणि बनारसहून आणलेलं गंगाजल विहिरीत ओतलं. आजही एक ट्रस्ट ती सांभाळतो, रंग देतो. आता पाणी कुणी काढत नाही. आणि योगायोग बघा, त्याच १९६४ मध्ये लंडनच्या हाइड पार्कातली विजयनगरमच्या महाराजांची पाणपोई काढून टाकली. जागा लंडनची, दगड भारी, पण तिच्यामागे चेरीची बाग नव्हती आणि तिला आपली म्हणणारं गाव नव्हतं. हे माझं अनुमान, कुणाला पटलं नाही तर प्रतिक्रियेत भांडावं.

आता घरचं सांगते. हे लिहू की नको, दोन दिवस विचार केला. पण वाचणारे निम्मे घरचेच आहात.

त्या इंग्रजी विहिरीचं पाणी फुकट होतं आणि सगळ्यांना होतं. गावातला कुणीही यावा, रहाट फिरवावा, बादली भरून न्यावी. आपल्याला हे वाक्य साधं वाटतं. पण त्याच दशकात, १८६८ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तर केवढी खळबळ झाली! मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करायचा ठराव केला १९२३ मध्ये, आणि त्या ठरावाला कागदावरून तळ्यावर आणायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. आणि नंतर? नंतर लोकांनी ते तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. साहेबाच्या गावात आपला राजा सर्वांना पाणी देऊ शकला. स्वतःच्या देशात ते इतकं सोपं नव्हतं.

आणि महाड झाल्यावर तीस वर्षांनीसुद्धा नव्हतं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. आपल्या वाड्यामागचा आड. मी सात-आठ वर्षांची असेन. उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या की आपल्या आडाला तेवढं पाणी असायचं. खालच्या आळीच्या बायका दुपारी यायच्या आणि घागरी लांब ठेवून उभ्या राहायच्या. आपली आई पोहरा ओढायची आणि उंचावरून त्यांच्या घागरीत ओतायची, घागरीला पोहरा लागू नये म्हणून. निम्मं पाणी जमिनीवर सांडायचं. दुष्काळात! आई मनाने चांगली होती, दमेपर्यंत ओढायची, कुणाला रिकामं पाठवलं नाही, आणि सगळा गाव तिला पुण्यवान म्हणायचा. मीही म्हणायचे. एक दिवस मी त्या बायकांपैकी एकीच्या मुलीला, माझ्याच वयाची होती ती, म्हटलं, “तूच ओढ की.” तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी घाण बोलले आहे. आणि आईने मला घरात ओढून नेलं.

आपण सगळे तो आड ‘आजीचं पुण्य’ म्हणून सांगतो. मागच्या दिवाळीतही सांगितलं. पाणी दिलं हे खरं आहे, दोर हातात दिला नाही हेही खरं आहे. आईला आता मी दोष देत नाही, तिला जे दिसत होतं तेवढं तिने केलं. पण आपण गोष्ट सांगताना निम्मीच सांगायची का? स्टोक रोच्या महाराजांबद्दल पूर्ण सांगा म्हणून मी जावयांशी भांडले, तर घरच्या आडाचंही पूर्ण सांगायला हवं. आता तो आड बुजला आहे. कडेला कुणीतरी प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकतं. अलीकडे राज्यात तरुण मंडळी जुन्या बारवा उपसून साफ करताहेत, त्यांचे फोटो बघून बरं वाटतं. आपल्याकडे अजून कुणी आलेलं नाही.

भाच्याला उत्तर द्यायचं राहिलंच. तो सध्या आमच्या जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या समितीत आहे. शाळेला पाण्याचा मोठा फिल्टर द्यायचं चाललं आहे, वर्गणीचा निरोप मलाही आला. चांगली गोष्ट आहे. पण अरे, याआधीच्या तुकडीने थंड पाण्याचं यंत्र दिलं होतं, आठवतं का? मी गेल्या वर्षी शाळेत गेले तेव्हा यंत्र कोपऱ्यात गंजत पडलं होतं, आत उंदरांनी घर केलं होतं. भिंतीवर देणाऱ्यांच्या नावांची संगमरवरी पाटी मात्र चकचकीत. मुलं घरून बाटल्या आणतात. ज्यांच्याकडे बाटली नाही ती मधल्या सुट्टीत रस्त्यापलीकडच्या टाकीवर पळतात.

तेव्हा माझे दहा हजार रुपये धर. पण आधी समितीत एवढं विचार: फिल्टरची मेणबत्ती दर सहा महिन्यांनी कोण बदलणार आणि त्याचे पैसे कुठून येणार? विजेचं बिल कुणाच्या नावावर? उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकी कोण धुणार? निम्मे पैसे बँकेत ठेवून व्याजावर हे भागतं का, की शाळेमागच्या पडीक जागेत शेवगा नाहीतर आवळा लावता येईल? आणि नळ किती उंचीवर बसवणार? पहिलीच्या पोराचा हात पोचायला हवा, शिपायाने ओतून द्यायला लागू नये.

पाटीवर माझं नाव नको. जागा उरली तर बँकेचा खातेक्रमांक लिहा.